वादळ तिकडे, भाव इकडे

तिकिटावर ‘तुमसर रोड’ असतं, पण उतरल्यावर आपण देव्हाडीत असतो. तुमसर गाव इथून आणखी काही किलोमीटर आत आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या स्टेशनातून उत्तरेला एक शाखा फुटते. तुमसर, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत ती पुढे मध्य प्रदेशातल्या तिरोडीला जाते. प्रवाशांची सोय हा या शाखेचा मूळ हेतू नव्हता. ती आली दगड वाहायला. काळा, हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड लागणारा, बोटांना काजळी लावणारा दगड, म्हणजे मँगनीज. गोबरवाहीच्या पुढे रस्त्याकडेच्या पळसाच्या पानांवरसुद्धा त्याची पूड बसलेली दिसते.

हा भंडारा जिल्हा. भंडारा म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला धान आठवतो, तलाव आठवतात, फार तर पितळेची भांडी. जागतिक अर्थव्यवस्था, आंतरराष्ट्रीय बाजार हे शब्द मुंबईच्या दलाल स्ट्रीटचे, पुण्याच्या आयटी पार्कांचे, असं आपण धरून चालतो. या जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. परदेशी बाजाराची नाडी इथे सव्वाशे वर्षांपासून लागते आहे, आणि ती मोजणारं यंत्र मात्र कधीच इथे नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटेरियाच्या आखातात, ‘मेगन’ नावाचं चक्रीवादळ आलं. तिथे ग्रूट आयलंड नावाचं एक बेट आहे. जगातल्या मोठ्या आणि चांगल्या प्रतीच्या मँगनीज खाणींपैकी एक त्या बेटावर आहे. वादळाने खाणीचा जहाजधक्का मोडला. धातुक जमिनीतच होतं, फक्त ते जहाजात भरायची वाट बंद झाली, आणि ती वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. चीनमधल्या तिआनजिन बंदरातले भाव काही आठवड्यांत चढू लागले. बघता बघता उंच प्रतीच्या धातुकाचा दर जवळजवळ दुप्पट झाला. मॉयल ही सरकारी कंपनी चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणी चालवते. तिनेही त्या उन्हाळ्यात आपले दर लागोपाठ वाढवले. जुलैमध्ये तिचा शेअर उंच चढला होता. शरद ऋतू उजाडेपर्यंत चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक मंदावली, भाव ओसरला, शेअरही ओसरला.

या सगळ्या काळात चिखल्याच्या भुयारात काय बदललं? काहीच नाही. तोच थर, तीच पाळी, तोच दगड. भाव बदलला तो हजारो किलोमीटरवरच्या एका मोडक्या धक्क्यामुळे.

मँगनीजचा भाव सांगायची रीतही मोठी मजेची आहे. जागतिक बाजारात टनाचा भाव कोणी बोलत नाही. सुक्या टनातल्या प्रत्येक टक्का मँगनीजमागे किती डॉलर, असा तो बोलतात. चव्वेचाळीस टक्क्यांच्या धातुकाला टक्क्यामागे चार डॉलर दर असेल तर टनाचे १७६ डॉलर झाले. दर चाराचा आठ झाला तर ३५२. ओलावा वजा होतो, टक्का प्रयोगशाळेत ठरतो, डॉलर न्यूयॉर्कमध्ये हलतो आणि मागणी चीनमध्ये. यातली जवळजवळ एकही गोष्ट तुमसर तालुक्यात ठरत नाही. इथे ठरतो तो फक्त टक्का, आणि तोही निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला.

त्या निसर्गाबद्दल थोडं सांगायला हवं. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर-कांद्रीपासून भंडाऱ्याच्या उत्तर टोकातून बालाघाटपर्यंत साधारण दोनशे किलोमीटरचा मँगनीजचा पट्टा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा लुईस ली फर्मर हा तरुण अधिकारी हा पट्टा पायाखाली घालत फिरला आणि १९०९ मध्ये त्याने भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ छापला. इथल्या एका खास खडकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने या मुलखातल्या गोंडांवरून ते ठेवलं : गोंडाइट. आज ब्राझील किंवा घानामधल्या खडकाचं वर्णन करतानाही भूवैज्ञानिक हा शब्द वापरतात. गोंडांच्या वाट्याला या धंद्यातून आलेली जगभरची ओळख म्हणजे हा एक शब्द.

मॉयलची कहाणी त्याआधी सुरू होते. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाला. पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. भांडवल विलायतेचं, दगड इथला, गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतलं. या कंपनीला पहिली मोठी लॉटरी लागली ती रशियामुळे. तोवर जगाला मँगनीज पुरवायचं ते कॉकेशसमधल्या, आजच्या जॉर्जियातल्या, चियातुरा खाणींनी. १९०५ मध्ये रशिया जपानशी लढाईत हरला, देशात क्रांतीची लाट उठली, कॉकेशसमध्ये संप झाले, रेल्वे अडल्या. पोलाद कारखान्यांना मँगनीज हवंच होतं. ते मध्य प्रांतातून निघालं. १९०७ मध्ये भारताचं उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात गेलं आणि भारताने रशियाला मागे टाकलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधल्या बँकांच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अमेरिकेच्या इतिहासात त्याला १९०७ चा ‘पॅनिक’ म्हणतात. पोलादाची मागणी आटली आणि १९०८ मध्ये मँगनीजचा भाव कोसळला. एका देशातल्या क्रांतीने चढवलेला भाव दुसऱ्या देशातल्या घबराटीने उतरवला, आणि या दोन्ही घटनांची खबर भंडाऱ्यात पोचली ती ‘उद्यापासून माणसं वाढवा’ आणि ‘उद्यापासून माणसं कमी करा’ या दोन हुकुमांच्या रूपात.

हाच खेळ पुढेही चालू राहिला. १९२७ मध्ये देशाचं उत्पादन अकरा लाख टनांवर होतं. जागतिक मंदी आली, वर सोव्हिएत रशियाने स्वस्त मँगनीज बाजारात ओतलं, आणि १९३२ मध्ये आकडा दोन लाख टनांच्या आसपास उतरला. पाच वर्षांत पाचवा हिस्सा. मग शीतयुद्ध. सोव्हिएत रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं आवळलं, कोरियात लढाई पेटली, अमेरिका साठा करू लागली आणि पुन्हा या पट्ट्यातले डबे भरू लागले. मला या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सारखी खुपते. भंडाऱ्याच्या मँगनीजला चांगले दिवस आले ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या वाईट दिवसांमुळे. आपण काही वेगळं केलं, अधिक चांगलं केलं, म्हणून भाव मिळाला असं फारसं घडलंच नाही.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली. २२ जून १९६२ ला मँगनीज ओर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉयल, उभी राहिली. ५१ टक्के केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांकडे, ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे. १९७७ मध्ये तो उरलेला हिस्साही सरकारने घेतला. मुख्यालय नागपूरला. डिसेंबर २०१० मध्ये सरकारांनी मिळून वीस टक्के हिस्सा बाजारात विकला. ३७५ रुपयांचा शेअर, आणि मागणी छप्पन्नपट. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतल्या दगडावर त्या आठवड्यात देशभरातल्या लाखो लोकांनी पैसे लावायची तयारी दाखवली. त्यातल्या किती जणांना ही खाण नकाशावर दाखवता आली असती, हा प्रश्न थोडा खोडसाळ आहे, पण मनात येतो.

जिल्ह्याला यातून मिळतं काय? नोकऱ्या मिळतात, त्या चांगल्या आहेत. सरकारी खाणीतली नोकरी तुमसर तालुक्यात आजही लग्नाच्या बोलणीत वजन राखून आहे. शिवाय राज्याला स्वामित्वधन मिळतं. मँगनीज धातुकावर ते सरासरी विक्रीमूल्याच्या पाच टक्के आहे, आणि त्याच्या प्रमाणात काही रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते. ती खाणबाधित गावांसाठी. म्हणजे ग्रूट आयलंडचा धक्का मोडला की सीतासावंगीच्या एखाद्या शाळेच्या खोलीला, पाण्याच्या टाकीला चार पैसे जास्त मिळण्याची शक्यता वाढते. नातं इतकं थेट आहे, आणि इतकं विचित्र.

खरा पैसा मात्र दगडाच्या पुढच्या पायरीवर असतो. जगातल्या मँगनीजपैकी नव्वद टक्के पोलादात जातं. पोलादाच्या टनाला सात-दहा किलो मँगनीज घातल्याशिवाय ते नीट घडत नाही. तुमसर रोडच्या यार्डात गाडी रूळ बदलते तिथे खडखडणारे रूळ पाहावेत. भारतीय रेल्वेत अशा जोडजागी मँगनीज पोलाद वापरतात, कारण ते घाव खाऊन आणखी कठीण होतं. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रजाने ते १८८२ मध्ये शोधलं. पण दगड थेट पोलादात जात नाही. आधी त्याचं फेरो-मँगनीज करावं लागतं, आणि ते होतं विजेच्या भट्टीत. एका टनाला तीन हजारांच्या आसपास युनिट वीज खाणारी ती भट्टी. खाण दारात असूनही म्हणूनच भट्टी दारात टिकत नाही. तुमसर परिसरातला एक मोठा फेरो-मँगनीज कारखाना कित्येक वर्षांपासून थंड पडला आहे. दगडापेक्षा विजेचा दर महत्त्वाचा ठरतो. भट्ट्या छत्तीसगडात, ओडिशात, आंध्रात, जिथे वीज परवडते तिथे चालतात. त्यातल्या बऱ्याच भट्ट्या दक्षिण आफ्रिका आणि गॅबनहून जहाजाने आलेला दगड वापरतात. मॉयलने २०२३-२४ मध्ये १७.५६ लाख टनांचा विक्रम केला, तरी देशाची गरज त्याच्या कितीतरी पट आहे. स्वतःच्या घरी खाण असलेला देश दगड आयात करतो, याचं कारण एवढंच.

संधी कुठे आहे, हा प्रश्न विचारायचा तर तो इथे विचारायला हवा. डोंगरी बुजुर्गच्या दगडात मँगनीज डायऑक्साइड भरपूर. टॉर्चच्या, रेडिओच्या सुक्या सेलमधली काळी पूड ती हीच. तिथे मॉयलने देशी तंत्रज्ञानावर इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना नव्वदच्या दशकातच उभा केला होता.  त्याची क्षमता खाणीच्या आकारापुढे चिमूटभर. आज विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागतं, आणि ते शुद्ध करण्याचं जगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक काम एकट्या चीनमध्ये होतं. दगड कुणाचाही असो, शुद्धीकरण तिथेच. २०२५ मध्ये गॅबनच्या सरकारने जाहीर केलं की १ जानेवारी २०२९ पासून कच्चं मँगनीज देशाबाहेर जाऊ देणार नाही, प्रक्रिया इथेच करा. ही घोषणा गॅबन पाळू शकेल का, तिथे वीज कुठून येईल, याबद्दल मला शंका आहे. पण कच्चा दगड विकून पोट भरत नाही हे त्यांना कळलं आहे. आपल्याकडे हेच शहाणपण त्या चिमूटभर कारखान्यापाशी तीस वर्षं थांबून आहे.

खाणीच्या पट्ट्यातून दक्षिणेला उतरलं की दृश्य एकदम बदलतं. बांध्या, बोड्या, तलाव. ही झाडीपट्टी. धानाच्या बाबतीत भंडारा जगाशी जोडलेला आहे, पण मधे एक भिंत आहे. आणि या गोष्टीत एकदा वादळ आपणच होतो.

जगातल्या तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने कनकीची निर्यात थांबवली आणि पांढऱ्या तांदळावर वीस टक्के कर बसवला. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद केली. ऑगस्टात उष्ण्या, म्हणजे उकड्या, तांदळावरही वीस टक्के कर आला. कारण देशात महागाई, समोर निवडणुका आणि एल निनोची भीती. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक तांदळाचा भाव पंधरा वर्षांच्या उच्चांकाला गेला. सेनेगल, बेनिन, फिलिपिन्समधल्या बाया बाजारात गेल्या तेव्हा त्यांना जो धक्का बसला, त्याचं मूळ दिल्लीतल्या एका अधिसूचनेत होतं. त्यांच्या लेखी ती अधिसूचना म्हणजेच मेगन.

आणि भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला त्या चढलेल्या भावातलं काय मिळालं? जवळजवळ काही नाही. धान बहुतेक आधारभूत खरेदी केंद्रावर जातो. २०२२-२३ मध्ये साधारण धानाचा हमीभाव २०४० रुपये होता, २०२३-२४ मध्ये २१८३. म्हणजे क्विंटलमागे १४३ रुपयांची वाढ. जगभर तांदूळ तापलेला असताना. वर राज्याने दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी प्रोत्साहन रक्कम दिली, आधी १५ हजार, मग २० हजार. ती कामाला आली, यात वाद नाही. पण ती मुंबईच्या आणि नागपूरच्या अधिवेशनांत ठरली, बाजारात नव्हे. झाडीपट्टीत बोनसची चर्चा हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून सुरू होते, आंतरराष्ट्रीय भाव बघून नव्हे.

गिरणीवाल्याचं गणित आणखी वेगळं. सरकारी धानाची भरडाई करून शंभर किलोमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा, उष्णा असेल तर ६८. केंद्राची भरडाई साध्याला क्विंटलमागे दहा रुपये, उष्ण्याला वीस, वर राज्याची भर. गिरणीवाल्याला जगवतात कोंडा, कनकी आणि खासगी बाजारातला थोडा माल. विदर्भाचा उष्णा तांदूळ काकीनाडा-विशाखापट्टणमच्या वाटेने आफ्रिकेत जातो. तो मार्ग अधिसूचनेने बंद होतो आणि अधिसूचनेनेच उघडतो. २८ सप्टेंबर २०२४ ला पांढऱ्या तांदळाची बंदी उठली, टनाला किमान ४९० डॉलरची अट घालून. ऑक्टोबरात ती अटही गेली, उष्ण्यावरचा करही गेला. मार्च २०२५ मध्ये कनकीही मोकळी झाली. तोवर जगात तांदूळ मुबलक झाला होता आणि भाव घसरत कित्येक वर्षांच्या तळाला चालला होता.

इथे मला माझंच आधीचं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. २०२३ मध्ये ज्या भिंतीने भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला चढता भाव मिळू दिला नाही, तीच भिंत २०२५ मध्ये त्याच्या पाठीशी उभी राहिली. जगात भाव पडलेला होता, आणि हमीभाव होता २३६९. केंद्रावर नंबर लागायला उशीर, बारदान्याची टंचाई, वजनात कटती, पैसे खात्यात यायला वेळ, या तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत आणि खऱ्या आहेत. तरी धानाचे परहे टाकताना भाव माहीत असणं ही चैन मँगनीजवाल्यांना कधी मिळाली नाही. चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ मात्र या भिंतीच्या बाहेरचा. त्याला हमीभावाचा उपयोग नाही, कारण त्याचं उत्पादन कमी आणि वास जास्त. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाचा शिक्का आणि दुबईच्या दुकानातली पाच किलोची पिशवी यांच्यामध्ये बियाण्याची शुद्धता, सुकवणी, पॅकिंग, तपासणी एवढ्या पायऱ्या आहेत. भंडाऱ्यात त्यातल्या दोन-तीनच बांधून झाल्या आहेत.

कोसा रेशमाचंही असंच. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवरांनी पोसलेला टसर, मोहाडी-आंधळगाव-पवनीच्या कोष्ट्यांनी विणलेला. करवती काठाला मानांकन मिळालं, पण माग कमी होत गेले. परदेशी सुताने इथल्या मागावरच्या ताण्यात कधीच शिरकाव केला आहे. यावर स्वतंत्र लेख व्हावा, म्हणून इथे थांबतो.

भंडारा शहर. भाणा म्हणजे पितळी थाळी, त्यावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण पितळ या गावाच्या हाडात आहे. आणि इथे सगळं गणित उलटं होतं. मँगनीजच्या बाबतीत भंडारा विकणारा, म्हणून जगात कुठे संकट आलं की त्याला बरं. पितळेच्या बाबतीत तो विकत घेणारा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि दोघांचाही भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतो. ही पेठ १८७७ ची. तिथे आजही मुख्य सौदा तीन महिन्यांनंतरच्या ताब्याचा होतो. कारण त्या काळी चिलीहून तांबं घेऊन निघालेलं जहाज इंग्लंडला पोचायला साधारण तेवढा वेळ लागायचा. जहाजं वेगवान झाली, तीन महिने तसेच राहिले. भंडाऱ्याचा तांबट पत्रा घेतो तेव्हा त्या जुन्या शिडाच्या जहाजाचं वेळापत्रक त्याच्या बिलात कुठेतरी असतं.

स्टेनलेस स्टीलने आणि ॲल्युमिनियमने या धंद्याचं कंबरडं आधीच मोडलं होतं. ठोक्यांचा आवाज जुन्या गल्ल्यांत आता तुरळक येतो. जे टिकले, ते पूजेच्या वस्तू, समया, गंगाळं, लग्नाच्या आंदणातले गुंड यांवर टिकले. म्हणजे वर्षाची कमाई लग्नसराई आणि दिवाळी यांत. २०२५ मध्ये दिवाळीआधी काय झालं? ८ सप्टेंबरला इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग या जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणीत चिखलाचा लोंढा भुयारात घुसला. सात कामगार गेले. कंपनीने पुरवठा करता येणार नाही असं सप्टेंबरच्या अखेरीस जाहीर केलं आणि लंडनला तांबं दहा हजार डॉलर टनाच्या वर गेलं. त्याआधी जुलैअखेर अमेरिकेने तांब्याच्या वस्तूंवर पन्नास टक्के आयातकर जाहीर केला होता, पण कच्चं तांबं त्यातून वगळल्याचं कळताच न्यूयॉर्कचा भाव एका दिवसात पंचमांशाने पडला. एवढ्या झोक्यात ज्याचा नफा किलोमागे मोजक्या रुपयांचा, त्याने किती साठा करायचा? बहुतेक जण साठा करतच नाहीत. ऑर्डर आली की पत्रा घ्यायचा, आणि ऑर्डर देणाऱ्याला भाव त्या दिवशीचा सांगायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एका जुन्या दुकानात थांबलो होतो. दारात काट्यावर ‘जुनी मोड घेतली जाईल’ अशी पाटी. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हातारीकडे पिशवीत आईच्या आंदणातला एक गुंड होता, बुडाला चीर गेलेला, नावाची अक्षरं झिजलेली. दुकानातल्या पोराने मोबाईलवर भाव बघितला, मग काटा बघितला. मागच्या दिवाळीपेक्षा किलोमागे जास्त मिळतील म्हणाला. ती म्हणाली, मग नवीन काय भावानं? त्याने सांगितलं. तिने गुंड परत पिशवीत ठेवला, एक पणतीएवढी पितळी वाटी घेतली, आणि चिरेला डाख लावून मिळेल का, एवढंच विचारलं.